वीस कांबांची जुडी

कोइलाडू, ९ ऑक्टोबर १९८८

ती. साआदादास,
तेवाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण उजवा हात फडक्यात बांधलाय आणि हे सगळं डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. शाळेत तू माझ्या उजव्या हाताच्या अक्षरालाही हसायचास, तेव्हा तुला फार फरक जाणवायचा नाही.

मी कुंबाला घेऊन आईकडे आले आहे, आणि कायमची आले आहे. फायानं यावेळी हातात मुसळ घेतलं. कारण विचारू नकोस, कारण त्याला कधी लागतच नाही. मनगटाचं हाड मोडलं. शेजारच्या बायका आल्या म्हणून तेवढ्यावर निभावलं. सात वर्षांची पोर दारात उभी राहून बघत होती रे.

परवा गावातली वडीलधारी मंडळी आंब्याखाली बसली. फायाच्या बाजूनं त्याचे दोन काका होते, आपल्या बाजूनं आई आणि मामा. बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की लग्नात फायाच्या घरानं माझं देज म्हणून बाबांच्या हातात दिलेली वीस लोखंडी कांबांची जुडी त्यांना परत करायची. तीच जुडी, त्याच कांबा, एकही तुटलेली नको. भाताची कापणी उरकली की, ११ डिसेंबरच्या रविवारी, बांदिया लोहार ती हातात घेऊन पारखेल. त्यानं होकार दिला की मी मोकळी, आणि कुंबा माझ्याबरोबर. जुडी आली नाही तर आम्ही दोघींनी त्याच दिवशी फायाच्या मागोमाग त्याच्या घरी जायचं.

आईनं घरी येऊन चुलीवरच्या माळ्यात हात घातला तर माळा रिकामा. मग तिला आठवलं, की बाबांचे दिवस करून तू आबिजानला गेलास तेव्हा घराला वाळवी लागलीय म्हणून तू जुडी सांभाळायला नेलीस. बरं केलंस. आता ती कुरूमाच्या ट्रकमधून लगेच पाठव. तो महिन्यातून दोनदा आबिजानला येतो, माणूस भरवशाचा आहे, फक्त बोलतो फार.

आईची तब्येत बरी आहे. तू बारीक झालास का असं विचारते. मी सांगितलं, शहरात कुणी बारीक होत नाही.

तुझी माया आहेच, यावेळी ती जुडीबरोबर बांधून पाठव.

तुझी,
तेवा


आबिजान, १९ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. तेवा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. हात कसा आहे? गेकेदूच्या दवाखान्यात दाखवलंस की त्या पाला बांधणाऱ्या म्हातारीवर भागवलंस? मी असतो तर फायाची गचांडी धरली असती. तुला माहीत आहे, मी लहानपणापासून तापट आहे.

इकडे कामाचा नुसता डोंगर आहे. हाजींच्या दुकानात आता मीच माल पारखतो. मुखवटे, पितळी कडी, तांब्याचे फुलीसारखे ठोकळे, खेड्यापाड्यांतून पोती भरभरून येतात आणि गोरी माणसं रांग लावून घेऊन जातात. आपल्याकडच्या पीळदार कांबासुद्धा येतात बरं का. इथं त्यांना कलावस्तू म्हणतात. बाबा ऐकते तर हसले असते.

जुडीची काळजी करू नकोस, माझ्या ट्रंकेत अगदी नीट आहे. पण मी काय म्हणतो, एवढी घाई कशाला? नवराबायकोत भांडणं होतातच. मी एकदा फायाला पत्र लिहून पाहू का? आणि दुसरं असं, की ट्रकमधून पाठवायची म्हणजे जोखीम आहे. इथं बाजारात आपल्यासारख्याच कांबा हव्या तेवढ्या मिळतात. तोच पीळ, एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला चपटा पाय, सगळं तसंच. त्यातल्या वीस बांधून पाठवल्या तर कुणाला कळणार आहे? बाबांनी ठेवलेली जुडी आपल्याकडेच राहील. विचार कर.

आईला सांग, बारीक झालेलो नाही. कुंबाला पापा.

जीव लावणारा,
साआदादा


कोइलाडू, २९ ऑक्टोबर १९८८

ती. साआदादास,
सा. न.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागावले, दुसऱ्यांदा घाबरले, आणि तिसऱ्यांदा पुन्हा रागावले.

आपली जुडी ट्रंकेत नीट आहे, तर दुसऱ्या कांबा कशाला विकत घ्यायच्या? हे काय गणित आहे? आणि कुणाला कळणार म्हणतोस? दादा, शहरात राहून तू बांदियाला विसरलास. त्याला आता दिसत नाही म्हणावं इतकंच दिसतं, पण त्याचा अंगठा शाबूत आहे. कांबेच्या कानावरून अंगठा फिरवला की ती त्याच्या बापाच्या भट्टीतली, त्याच्या स्वतःच्या की परक्याची, हे तो सांगतो. गेल्या साली नदीपलीकडच्या एका घरानं अशाच तीन कांबा बदलून आणल्या होत्या. बांदियानं त्या तीनच बाजूला काढून ठेवल्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढायची गरजच नव्हती. ती पोरगी त्याच दुपारी सासरी परत गेली. आता तिला पाणवठ्यावर पाहते, मान वर करत नाही.

फायाला पत्र लिहिणार म्हणे. लिही. त्याला वाचता येत नाही म्हणून तो ते काकाकडे नेईल, आणि काका सगळ्या गावाला वाचून दाखवेल, की बघा, भाऊसुद्धा म्हणतो परत जा.

काल फाया स्वतः आला होता. घरात आला नाही, विहिरीपाशी उभा राहिला. कुंबा पाणी भरत होती. तिला गोड आवाजात म्हणाला, की डिसेंबरात आत्याकडे किसिडुगूला राहायला जायचं, तिथं आत्याच्या घरी कामाला माणूस हवंय. पोर घागर तिथंच टाकून पळत आली. कालपासून माझा पदर सोडत नाही. दादा, तिला एकदा तिकडे नेली की मला परत दिसायची नाही.

म्हणून एकच विचारते, आणि वळसे न घेता उत्तर दे. जुडी तुझ्याजवळ आहे की नाही?

आईला तुझं पत्र वाचून दाखवताना बाजारातल्या कांबांचा मजकूर गाळला. यापुढे मला काय काय गाळायला लावणार आहेस?

उत्तराची वाट पाहणारी,
तेवा


आबिजान, ८ नोव्हेंबर १९८८

चि. तेवा,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी लिहितो.

जुडी माझ्याजवळ नाही. ट्रंकेत कधी नव्हतीच.

बाबांच्या दिवसांनंतर मी इकडे आलो तेव्हा सहा महिने नुसता ओझी उचलत होतो. हाजी म्हणायचे, दुकानात बसायचं असेल तर नजर दाखव, काहीतरी अस्सल आणून दाखव. माझ्याजवळ अस्सल असं तेवढंच होतं. तेव्हा वाटलं, आता कोण कांबा देतं घेतं, नोटा आल्या, बाबा गेले, तू सुखात आहेस. सुखात आहेस असं मी धरूनच चाललो, विचारलं कधीच नाही. मी जुडी हाजींपुढे ठेवली आणि त्यांनी मला गादीवर बसवलं.

हाजींनी ती कोकोडीत राहणाऱ्या मादाम देलकूर नावाच्या बाईंना विकली. बेल्जियमच्या आहेत, नवरा वारला, एकट्या राहतात. तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवशीच त्यांच्याकडे गेलो. दिवाणखान्याच्या भिंतीवर काळ्या फळीवर आपली जुडी आहे आणि वर छोटा दिवा. मी एकेक कांब हात लावून पाहिली. एकही तुटलेली नाही, विसाच्या वीस आहेत.

बाई वाईट नाहीत. बसवलं, सरबत दिलं. आपल्या कांबांची त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. तुझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पण पैसे घेऊन परत देणार नाही म्हणाल्या, पैशाची त्यांना ददात नाही. मग म्हणाल्या, की वस्तूच्या बदल्यात वस्तू देईन. आता कसं सांगू? वर्षापूर्वी फळी ठोकायला गेलो होतो तेव्हा मी फुशारकीनं बोलून गेलो होतो, की ही काहीच नाही, माझ्या वडिलांच्या थडग्यावर हातभर लांब कांब उभी आहे, बांदियाच्या आज्यानं घडवलेली. बाईंच्या ते लक्षात राहिलं. ती कांब आणून दिली तर जुडी जशीच्या तशी देणार.

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. बाबांचा जीव त्या कांबेत आहे आणि ती तिथं उभी आहे तोवरच बाबा घरात आहेत, हे मलाही कळतं. मी दुसरा मार्ग शोधला, हाजींच्या पायाही पडलो. ते म्हणाले, विकलेला माल परत मागणारा पारखी त्यांनी आजवर पाहिला नाही.

तू सांगशील तसं करतो. शिव्या देणार असशील तर त्याही कुरूमाजवळ दे, पण लवकर.

तुझा,
साआ


कोइलाडू, १८ नोव्हेंबर १९८८

साआ,

दादा लिहायला हात वळेना. हात अजून नीट वळत नाहीच, पण हे कारण वेगळं.

तू सांगशील तसं करतो, म्हणे. विकताना मला विचारलं होतंस? तेव्हा एकट्यानं ठरवलंस, आणि आता बापाला उपटायची वेळ आली तर ठरवायचं मी. वा रे माझ्या थोरल्या भावा.

दोन दिवस पत्र कमरेला खोचून हिंडले. शेतात कापणी चाललीय, बायका गाणी म्हणतात, आणि मी मनात दिवस मोजते. ठरवून टाकलं होतं, की आईला सांगायचं नाही आणि कांबेला हात लावायचा नाही. जाईन फायाच्या घरी. मुसळ खाईन. बाबांना वाऱ्यावर सोडून मी कुठं सुखानं झोपणार आहे? पण कुंबाकडे पाहिलं की हा निश्चय पातळ व्हायचा. तिसऱ्या दिवशी आईनंच विचारलं, की कमरेला काय आहे, तू सारखी चाचपतेस. मग वाचून दाखवलं. यावेळी काही गाळलं नाही.

आई भात सडत होती. सगळा सडला, पाखडला, टोपलीत भरला. मग हात धुऊन घरामागं गेली. मी मागं धावले. भर उन्हात ती थडग्याशी गुडघ्यावर बसली होती आणि दोन्ही हातांनी कांबेच्या बुडाची माती उकरत होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, माझ्यासाठी हे करू नकोस, मी सहन करीन. तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, “त्या वीस कांबा घेऊन त्यानंच तुला त्या घरी धाडली. तू नको म्हणत होतीस ते मी ऐकलं होतं, त्यानंही ऐकलं होतं. आता तुला सोडवून आणायलाही त्यालाच जाऊ दे.”

तिच्या तोंडून हे बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं, तेव्हा माझं रडणं कुणाच्या कानावरच गेलं नाही.

कांब निघाली तेव्हा बुडाला मातीचा गोळा होता. आईनं तो झटकू दिला नाही. बाबांच्या निळ्या अंगरख्यात गुंडाळून तिनं स्वतः कुरूमाच्या हातात दिली आणि बजावलं, की वर पोती रचायची नाहीत. तो बडबड्या माणूस, पण काय आहे ते अंगरख्यावरून ओळखलं असावं, कारण गप्प बसून गाडी काढली. तुला निरोप असा, की बाईच्या घरापर्यंत मांडीवर घेऊन जा, जमिनीवर टेकवू नकोस.

तेवीस दिवस उरलेत. उशीर केलास तर मला भाऊ नव्हताच असं मी समजेन. समजायला फार कष्ट पडणार नाहीत.

तेवा


आबिजान, २९ नोव्हेंबर १९८८

चि. तेवा,

बाबांना मांडीवर घेऊन गेलो. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, मूल आजारी आहे का. मी हो म्हटलं.

मादामनं अंगरखा उघडला आणि ओली माती पाहून हात मागं घेतला. मला विचारलं, की घरच्यांची संमती आहे ना, हे योग्य आहे ना? तेवा, त्या क्षणी मी योग्य नाही म्हटलं असतं तर त्यांनी बहुधा ठेवून घेतली नसती. पण मग जुडीही दिली नसती. मी म्हटलं, सगळं योग्य आहे.

जुडी कुरूमाबरोबर पाठवत आहे. मी येणार होतो, हाजींनी सुट्टी दिली नाही. खरं सांगायचं तर त्या आंब्याखाली उभं राहायची माझी हिंमत नाही. दोन गोष्टी आधीच सांगतो, म्हणजे ऐनवेळी धक्का बसायला नको. एक, लोखंड चमकावं म्हणून मादामनं त्यावर मेण चोळलंय. राख आणि ताडाचं तेल लावून घासून काढ. दुसरी जास्त वाईट आहे. फळीवर पंख्यासारख्या मांडता याव्यात म्हणून हाजींच्या माणसांनी जुडी सोडली होती. लग्नात बांदियानं मारलेली गाठ उरलेली नाही. दोर फेकून दिलेला. मी नवा दोर घेऊन आठवेल तशी गाठ मारली आहे. ती बरोबर नाही, हे मलाच कळतंय.

दानानेच्या पुढं पूल खचलाय म्हणतात. कुरूमा लांबच्या रस्त्यानं येईल. पोहोचेल. पोहोचलंच पाहिजे.

तुझ्या पत्राला जीव टांगून बसलेला,
साआ


कोइलाडू, १३ डिसेंबर १९८८

साआदादा,
सा. न.

कुरूमा शनिवारी संध्याकाळी आला. तोवर मी कुंबाचे कपडे दोनदा बांधले आणि दोनदा सोडले होते. घासून मेण गेलं, पण वास गेला नाही.

रविवारी अख्खं गाव जमलं. फाया नवा सदरा घालून आला होता, बायकोला न्यायला आल्यासारखा. बांदियानं जुडी मांडीवर घेतली. आधी नाकाशी नेली आणि म्हणाला, की हिला परक्याच्या घराचा वास येतोय. मग बोट गाठीवर गेलं आणि तो थांबला. ही गाठ माझी नाही, म्हणाला. फायाचा काका लगेच उठला, की झालं, निकाल लागला. फायानं कुंबाच्या दंडाला धरलं. पोर नुसती माझ्याकडे बघत राहिली.

बांदियानं काकाला बसायला सांगितलं आणि विचारलं, गाठ कुणी सोडली ते सगळ्यांसमोर सांगा. मामा खोकायला लागला. वाळवीचं काहीतरी सांगणार होता तो. मी उठले. सांगून टाकलं, की माझ्या भावानं जुडी विकली, ती एका बाईच्या भिंतीवर होती, आणि माझे बाबा तिथं जाऊन बसले म्हणून ती परत आली. तुझी लाज राखली नाही. राखायची इच्छाही झाली नाही.

सगळ्यांच्या माना आपल्या घरामागं वळल्या. थडग्यावरचा खड्डा तिथून दिसतो. बांदियानं जुडी सोडली आणि विसाच्या वीस कांबांवर अंगठा फिरवला. इतका वेळ घेतला, की ऊन माझ्या पायावरून सरकून बाजूला गेलं. शेवटी म्हणाला, “गाठ माझी नाही, ती मी पुन्हा मारतो. लोखंड माझं आहे.” दोर वळून त्यानं तिथंच गाठ मारली आणि जुडी फायाच्या काकापुढे ठेवली. फायाला दंड सोडावा लागला.

मी मोकळी झाले, दादा. कुंबा आईच्या अंगावर पाय टाकून झोपते. मला मात्र अजून झोप लागत नाही, सवय नाही.

आता आईचा हुकूम ऐक. पेरणीच्या आधी बाबांपुढे भात ठेवून घरातलं सगळं त्यांना सांगावं लागतं. बाबा आता त्या घरात आहेत, तर भातही त्या घरात गेला पाहिजे. थोरला मुलगा तू. मादाम काय म्हणेल ते तुझं तू बघ. ताडतेलातला भात, वर कोलाची बी, आणि पाणी. दरवर्षी. आणि काहीही गाळायचं नाही.

तुझ्यावरचा राग अजून आहे, पण हा निरोप राग म्हणून धरू नकोस.

तेवा


आबिजान, २४ एप्रिल १९८९

चि. तेवा,
आशीर्वाद. आईला सा. न.

काल गेलो होतो. भात मीच शिजवला, जरा करपला, पण आईला सांगू नकोस. मादामच्या मोलकरणीनं स्वयंपाकघराच्या दारानं आत घेतलं.

भिंत रिकामी होती. काळी फळी, दिवा, सगळं उतरवलेलं. दिवाणखान्यात लाकडी पेट्या होत्या आणि दोन माणसं त्यांत गवत भरत होती. मादाम जूनमध्ये कायमच्या आपल्या देशी परत चालल्या आहेत. त्यांची वस्तू त्यांच्याबरोबर जाणार. मी परत मागितली. बदल्यात काय देतोस, त्यांनी विचारलं नाही, पण मीच मनातल्या मनात शोधून पाहिलं. आता माझ्याजवळ काहीच उरलेलं नाही. त्या म्हणाल्या, की सौदा सरळ झाला होता आणि सगळं योग्य आहे असं मीच म्हणालो होतो. खोटं नाही.

बाबांची पेटी अजून ठोकलेली नव्हती. मोलकरणीनं गवत बाजूला केलं. निळा अंगरखाही आत होता, मादामनं तो जपून ठेवलाय. मी पेटीपुढे भात ठेवला, पाणी ठेवलं आणि सगळं सांगितलं. तू सुटलीस ते सांगितलं, कुंबा शाळेत जायला लागली ते सांगितलं, आईचा गुडघा दुखतो ते सांगितलं. जुडी कुणी विकली आणि त्यांना इथं कुणी आणून ठेवलं, तेही नाव घेऊन सांगितलं. हातातलं काम टाकून ती दोन माणसं उभी राहिली होती. पेटी समुद्रापलीकडे जाणार आहे, एवढं मात्र मला बाबांना सांगवलं नाही.

पुढच्या वर्षी भात कुठं नेऊ ते आईला विचारून कळव. किंवा तिला विचारू नकोस. तूच सांग.

तुझा,
साआदादा